लखनौ शिकायचं म्हणजे

पानिपतावर लिहिणाऱ्या कोणत्याही इतिहासकाराला एक वृत्तांत टाळता येत नाही. तो फारसीत आहे आणि तो लिहिणारा काशीराज शिवदेव हा जन्माने दक्षिणी ब्राह्मण. १४ जानेवारी १७६१ ला तो अब्दालीच्या गोटात होता, कारण त्याचा धनी, अवधचा नबाब शुजाउद्दौला, अब्दालीकडून उभा होता. लढाईपूर्वीच्या तहाच्या बोलण्यांत तो होता. लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्या अंत्यविधीच्या खटपटीतही होता. पुढे १७८० च्या सुमारास त्याने हे सगळं फारसीत लिहून काढलं, जेम्स ब्राउन या कंपनीच्या अधिकाऱ्याने ते इंग्रजीत नेलं, आणि मग ते जगभर वाचलं गेलं. मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या पराभवाची हकीकत दक्षिणेतल्याच एका माणसाने, शत्रुपक्षाच्या छावणीत बसून, त्या दरबाराच्या भाषेत सांगितली. त्याला अवध आतून ठाऊक होतं. आपल्याला आज ते तितकं ठाऊक नाही.

जगाचा एखादा प्रदेश घ्यायचा आणि त्याची भाषा, इतिहास, समाज, धर्म, कला हे सारं एकत्र शिकायचं, या अभ्यासाला विद्यापीठांत ‘एरिया स्टडीज’ म्हणतात. मराठीत त्याला प्रदेश-अभ्यास म्हणू. कुणी जपान घेतं, कुणी लॅटिन अमेरिका, कुणी पश्चिम आशिया. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, हे मुंबईतल्याही फार थोड्यांना माहीत असतं. मी मात्र या प्रस्तावनेसाठी दूरचा मुलूख निवडलेला नाही. लखनौ निवडलं आहे. मुंबईहून रोज पुष्पक एक्सप्रेस सुटते आणि साधारण दिवसभराच्या प्रवासात तिथे पोचवते. परतीच्या गाडीतून प्रतापगड, सुलतानपूर, गोंड्याकडची माणसं वर्षानुवर्षं मुंबईत येत आली. टॅक्सी, दूध, सुतारकाम, रंगकाम त्यांच्या हातात गेलं. त्यांना आपण एकच नाव दिलं आणि त्यांच्या मुलखाबद्दलची आपली जिज्ञासा तिथेच संपली. लखनौबद्दल विचारलं तर ‘पहले आप’चा विनोद, चिकनचा कुर्ता आणि टुंड्याचे कबाब यांपलीकडे सुशिक्षित मराठी माणूस सहसा जात नाही. शेजारचा प्रदेश न शिकणाऱ्याने दूरचा शिकायला जाण्यात गैर काही नाही, पण त्यात थोडी पळवाट असते.

तर लखनौ शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

पहिली गोष्ट फारसी. सआदतखान बुऱ्हाणुल्मुल्क १७२२ मध्ये अवधचा सुभेदार झाला तेव्हापासून कारभाराची, हिशेबाची, पत्रव्यवहाराची भाषा हीच. आसफउद्दौलाने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि शहराचं रूपच पालटलं. दिल्लीत पोट भरेना म्हणून कवी, खुशनवीस, हकीम, गवई इकडे आले. मीर तकी मीर १७८२ मध्ये आला आणि १८१० मध्ये इथेच वारला. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बडा इमामबाडा उभा राहिला असं सांगतात. गाजीउद्दीन हैदरने १८१९ मध्ये कंपनीच्या आशीर्वादाने स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं आणि पाठोपाठ शाही छापखान्यातून ‘हफ्त कुल्जुम’ हा फारसीचा मोठा कोश छापून बाहेर पडला. सत्ता हातातून निसटत असताना कोश छापणारा राजा चेष्टेचा विषय ठरतो खरा. पण त्या काळाचा अभ्यासक त्याला दुवाच देतो.

दरबाराशिवाय फारसी-अरबीचं दुसरं घर होतं फिरंगी महल. एका युरोपीय व्यापाऱ्याची ही हवेली औरंगजेबाने सतराव्या शतकाच्या अखेरीस एका विद्वान घराण्याला दिली. त्या घरातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी जो अभ्यासक्रम बसवला तो ‘दर्स-ए-निजामी’ म्हणून ओळखला जातो. त्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांवर एवढा भर होता की इथे शिकलेला मुलगा मशिदीत जितका उपयोगी तितकाच कचेरीत. उपखंडातल्या असंख्य मदरशांत या अभ्यासक्रमाची बदललेली रूपं आजही चालतात. १८९८ मध्ये लखनौतच नदवतुल उलमाची दारुल उलूम निघाली. तिथे शिबली नोमानी यांच्यासारख्यांनी जुन्या चाकोरीला फाटा देऊन अरबी ही जिवंत, बोलायची-लिहायची भाषा म्हणून शिकवण्याचा आग्रह धरला. एका शहरात, काही मैलांच्या अंतरावर, शिक्षण म्हणजे काय याविषयीच्या दोन भिन्न कल्पना समोरासमोर उभ्या होत्या. प्रदेश-अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा सापडणं कठीण.

फारसीवर थांबलं तर नबाब कळतील, शहर कळणार नाही. त्यासाठी उर्दू हवी. १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केलं, वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेला, १८५७ मध्ये रेसिडेन्सीला वेढा पडला, आणि इंग्रज परतल्यावर शहराचे मोठाले भाग पाडले गेले. या विध्वंसानंतर लगेच, १८५८ मध्ये, मुन्शी नवलकिशोर यांनी लखनौत छापखाना काढला. पुढच्या चार दशकांत या छापखान्याने उर्दू, फारसी, अरबी, हिंदी, संस्कृत अशा भाषांत हजारो पुस्तकं काढली. एक हिंदू प्रकाशक कुराण, हदीस, रामायण आणि युनानी वैद्यक एकाच छताखाली छापत होता आणि त्याची पुस्तकं काबूलच्या पुढेही विकली जात होती. ‘अवध अखबार’ त्यांचंच. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड त्यांनीच काढले, त्याआधी ती दास्तान मुख्यतः सांगणाऱ्यांच्या जिभेवर होती. उलरिके श्टार्क या जर्मन विदुषीने या छापखान्यावर लिहिलेला ग्रंथ २००७ मध्ये आला. तो वाचताना सारखं वाटत राहतं की निर्णयसागर छापखान्यावर असं काम व्हायला काय हरकत होती?

शहराच्या वेशीबाहेर पडलं की उर्दूही अपुरी पडते. तिथे अवधी. जायसीचं ‘पद्मावत’ याच भाषेत, तुलसीदासांचं ‘रामचरितमानस’ याच भाषेत, आणि शेतकऱ्याचं भांडण, लग्न, रडणंही याच भाषेत. इथे मला दुसरा मराठी माणूस आठवतो, आणि तो काशीराजापेक्षाही विलक्षण आहे. श्रीधर बळवंत जोधपूरकर हे त्याचं मूळ नाव. १९०५ च्या सुमारास तो गिरमिटिया मजूर होऊन फिजीला गेला. ब्राह्मण मजूर भरतीत नको असत म्हणून त्याने नाव बदलून रामचंद्र केलं. परतल्यावर महाराष्ट्राकडे न वळता अवधमध्ये राहिला, तिथल्याच एका शेतकरी समाजातल्या स्त्रीशी लग्न केलं, पाठीवर तुलसी-रामायण घेऊन गावोगाव हिंडू लागला. जून १९२० मध्ये प्रतापगडच्या शेकडो शेतकऱ्यांना घेऊन तो अलाहाबादला पायी गेला. जवाहरलाल नेहरूंना खरं खेडं प्रथम दिसलं ते या माणसांमुळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अवध किसान सभा उभी राहिली. तालुकदारांच्या बेदखलीविरुद्धच्या या लढ्याचा नेता बाबा रामचंद्र मराठी होता, हे आपल्या शालेय पुस्तकांत नाही. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याची रीत. ‘सलाम’ऐवजी ‘सीताराम’ असा पुकारा त्याने रूढ केला. अवधच्या शेतकऱ्याला हलवायचं तर मानसच्या चौपायांतून बोललं पाहिजे, हे त्याने ओळखलं. कुठल्याही विद्यापीठाने त्याला हे शिकवलं नव्हतं. फिजीच्या उसाच्या मळ्यांत अवधी-भोजपुरी मजुरांबरोबर काढलेल्या वर्षांनी शिकवलं असणार.

एवढं करूनही जे कागदावर उतरत नाही ते राहतंच. विष्णु नारायण भातखंडे हे वाळकेश्वरचे वकील. गाणं शिकण्यासाठी त्यांनी देश पालथा घातला: १९०४ मध्ये दक्षिण, मग नागपूर-कलकत्ता, मग उत्तर. घराण्यांत दडवून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. लखनौत १९२६ मध्ये त्यांनी राय उमानाथ बली आदींच्या साहाय्याने मॅरिस कॉलेज सुरू केलं. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे प्राचार्य. के. जी. गिंडे, सुमती मुटाटकर, दिनकर कायकिणी ही मंडळी तिथून घडली. लखनौच्या कैसरबागेत, या कॉलेजात, मराठी-कोकणी घरांतली पोरं खयाल आणि ध्रुपद शिकत होती, ही गोष्ट आपण संगीताच्या इतिहासात वाचतो. मला ती प्रदेश-अभ्यासाच्या इतिहासात वाचावीशी वाटते. अर्थात भातखंड्यांच्या पद्धतीवर टीकाही आहे: गळ्यातली चीज कागदावर आणताना उस्तादांचं काय हिरावलं गेलं, राग दहा थाटांत बसवताना काय कापलं गेलं, हे प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं ज्ञान गोळा करणाऱ्या प्रत्येकाला ते विचारले जातात. विचारले जायलाच हवेत.

आता विद्यापीठाकडे. १८६४ चं कॅनिंग कॉलेज पायाशी धरून लखनौ विद्यापीठाचा कायदा १९२० मध्ये झाला, शिकवणं १९२१ मध्ये सुरू झालं, आणि सुरुवातीच्या काळातच तिथे राधाकमल मुखर्जी अर्थशास्त्र व समाजशास्त्राचे प्रमुख म्हणून आले. त्यांच्या विचारामागे पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ आहे आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. गेडिसने १९१६ मध्ये लखनौ नगरपालिकेसाठी शहररचनेचा अहवाल लिहिला. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याच विभागातून पुढे आले. गेडिसचं सांगणं असं की गल्लीबोळ पायी हिंडल्याशिवाय, पाणी कुठून येतं आणि लोक कुठे जातात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शहराला हात लावू नये. राधाकमल यांनी १९२६ मध्ये ‘रिजनल सोशिऑलॉजी’ हा ग्रंथ लिहिला: माणूस, जमीन, पाणी, पीक आणि संस्था यांना एक प्रदेश म्हणून पाहावं, वेगवेगळ्या कप्प्यांत टाकू नये. पुढे मानवशास्त्रात धीरेंद्रनाथ मजुमदार आले. १९४७ मध्ये ‘ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट’ हे नियतकालिक लखनौतून निघालं. अमेरिकेत एरिया स्टडीजचा पहिला दक्षिण आशिया विभाग पेनसिल्वेनिया विद्यापीठात १९४८ मध्ये निघाला. म्हणजे प्रदेश हा अभ्यासाचा घटक ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आली, असं म्हणण्याआधी लखनौकडे एकदा पाहावं.

कल्पना होती, ती मुरली नाही. लखनौ विद्यापीठात आजही प्राचीन भारताच्या इतिहासाचा विभाग वेगळा, मध्ययुगीन-अर्वाचीन भारताचा वेगळा, आणि ‘वेस्टर्न हिस्ट्री’चा आणखी वेगळा. हा शेवटचा मला फार आवडतो: युरोप हा आपण अभ्यासायचा एक प्रदेश आहे, असं नावातच ठणकावून सांगणारे विभाग भारतात फारसे नाहीत. फारसीचा विभाग निराळा, अरबीचा निराळा, उर्दूचा, हिंदीचा निराळा. प्रत्येक ठिकाणी विद्वान आहेत. पण नवाबी कागद वाचता येणारा विद्यार्थी अवधी खेड्यात जात नाही आणि खेड्यात सर्वेक्षण करणारा कागद वाचत नाही. पुण्या-मुंबईत, नागपुरात याहून वेगळं चित्र आहे असं कुणी समजू नये.

अमेरिकनांनी ते कप्पे जोडले, पण त्यामागे निव्वळ विद्याप्रेम नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात दूरदेशच्या भाषा जाणणारी माणसं सापडेनात, तिथे त्यांना पहिला चटका बसला. दुसरा बसला ऑक्टोबर १९५७ मध्ये, स्पुटनिकमुळे. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून परकी भाषांना सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावातलं ‘संरक्षण’ विसरू नये. पैशाचा दुसरा स्रोत आणखी मजेदार आहे. पीएल-४८० या अमेरिकन धान्य-कायद्याखाली आपण जो गहू घेतला त्याची किंमत रुपयांत साठत गेली आणि त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना धाडली गेली. ज्या पिढीने रेशनच्या रांगेत तो गहू घेतला, तिच्याच लेखकांची मराठी पुस्तकं त्या पैशाने शिकागोला पोचली.

या व्यवहारात पुणे अगदी मध्यभागी होतं. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरं भरत. देशी-परदेशी भाषाशास्त्रज्ञ एकत्र शिकवत. लखनौजवळच्या बाराबंकीचा चौधरी मोहम्मद नईम हा तरुण लखनौ विद्यापीठातून या डेक्कन कॉलेजात आला, इथून बर्कलेला गेला आणि १९६१ मध्ये शिकागो विद्यापीठात उर्दू शिकवू लागला. पुढची चाळीस वर्षं त्यांनी तिथे काढली, उर्दूची पाठ्यपुस्तकं लिहिली, १९८१ मध्ये ‘ॲन्युअल ऑफ उर्दू स्टडीज’ सुरू केलं. लखनौ-पुणे-शिकागो हा त्यांचा मार्ग मला या विषयाचा खरा नकाशा वाटतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ मध्ये स्थापन झाली. तिचे विद्यार्थी आजही उर्दू शिकायला लखनौला येतात आणि मराठी शिकायला पुण्याला.

त्यांनी काय मिळवलं हे आपण आपल्यावरून ओळखतो. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर पेनसिल्वेनियात प्रबंध लिहिला, तेव्हा आपल्या बहुतेक विद्यापीठांना तो प्रबंधाचा विषय वाटत नव्हता. ग्युन्टर सोन्थायमर हायडेलबर्गहून येऊन धनगरांच्या वाड्यावर बसले, ओव्या टेप केल्या, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबा समजावून घेतले. या लोकांच्या पैशामागचा हेतू तपासावा, जरूर तपासावा. त्यांची भाषेची मेहनत मात्र हेतूच्या नावाने झटकून टाकता येत नाही. आपण उलट दिशेने तेवढी मेहनत केली का? एकेकाळी केली होती. माधव जूलियन फारसी शिकवत आणि त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये छापला गेला. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून फारसी कागद लावले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दूतून मराठीत किती आणलं त्याला मोजदाद नाही. पण ही सगळी माणसं व्यक्ती म्हणून मोठी झाली. त्यांच्यामागे विद्यापीठाने चालवलेली परंपरा उभी राहिली नाही. एक गेला की एक जागा रिकामी.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला माझं सांगणं सरळ आहे. भाषांतरावर प्रदेश शिकता येत नाही. अब्दुल हलीम शरर यांच्या जुन्या लखनौवरच्या लेखांचं इंग्रजी भाषांतर उत्तम आहे, ते वाचा. पण त्यांच्या वाक्यात उपरोध कुठे आहे आणि हळहळ कुठे, हे उर्दूतच कळतं. लिपीची भीती बाळगू नका. नस्तालीक अक्षरं काही आठवड्यांत ओळखू येतात. ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत याची सवय व्हायला काही महिने लागतात. शिकस्त हस्ताक्षराला वर्षं लागतात, जशी घसटत लिहिलेल्या मोडीला लागतात. मराठी माणसाला एक आयती सोय आहे: अर्ज, वसूल, दप्तर, हजर, जामीन असे फारसी-अरबीतून आलेले शेकडो शब्द तो रोज वापरतो. दोन वर्षं भाषेला द्या, मग प्रश्न निवडा. उलट क्रमाने जाणारे विद्यार्थी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधत बसतात.

आणि विद्यापीठांना एक विनंती. नवीन केंद्र, नवी इमारत, उद्घाटनाची कोनशिला यांतलं काहीही नको आहे. इतिहासाच्या एम.ए.ला फारसी किंवा उर्दूची एक सक्तीची अभ्यासपत्रिका ठेवा, विद्यार्थ्याला एक सत्र लखनौला पाठवा, लखनौच्या विद्यार्थ्याला मोडी शिकायला पुण्यात बोलवा, आणि या देवघेवीचा खर्च विभागाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात धरा. पुष्पक एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट एका दिवसाच्या चर्चासत्रातल्या जेवणावळीपेक्षा स्वस्त पडतं.